बरणीतला ‘स्क्विला’ नक्की कोण? मॅन्टिस श्रिम्पची जात ओळखायची रीत

विदर्भातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत जा. तारामासा, समुद्रघोडा आणि गोगलगाईंच्या शंखांच्या रांगेत एक पिवळट पडलेली बरणी बहुधा सापडते. आत वीतभर लांबीचा, चपटा, झिंग्यासारखा दिसणारा प्राणी आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी: ‘स्क्विला’. प्रॅक्टिकलच्या स्पॉटिंगला ही बरणी ठेवली जाते, पोट्टे ‘स्क्विला, वर्ग क्रस्टेशिया’ लिहून मोकळे होतात आणि मार्कही मिळतात.

अडचण एवढीच की हा नमुना मालवण, रत्नागिरी किंवा मुंबईच्या सहलीतून आलेला असेल, तर तो आजच्या अर्थाने स्क्विला नसणार. एकेकाळी मॅन्टिस श्रिम्पच्या गटातल्या ढीगभर जाती ‘स्क्विला’ या एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या (इथे जात म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट). अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे रेमंड मॅनिंग यांनी १९६८ साली ती प्रजाती फोडली आणि तिचे अनेक तुकडे केले. तेव्हापासून स्क्विला हे नाव अटलांटिक, भूमध्य समुद्र आणि पूर्व पॅसिफिकमधल्या जातींपुरतं उरलं. अरबी समुद्रातल्या आपल्या जाती दुसऱ्या घरात गेल्या. आपल्या चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी राहिल्या.

ती बरणी उघडून प्राण्याला त्याचं खरं नाव कसं द्यायचं, ते इथे सांगतो. समुद्र इथून सातआठशे किलोमीटर लांब, तज्ज्ञ त्याहून लांब. तरी एक भिंग, पांढरा ट्रे आणि निवांत दुपार असली की तालुक्याच्या ठिकाणी बसूनही हे बऱ्यापैकी जमतं.

आधी हा तोच प्राणी आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतून मुलं दरवर्षी काही ना काही आणतात आणि ‘मॅन्टिस श्रिम्प सापडला’ म्हणून फोटो फिरतात. तो बहुतेक वेळा पाणविंचू असतो. त्याचेही पुढचे पाय भक्ष्य पकडायला दुमडलेले असतात, पण पाय मोजले की सहा भरतात. म्हणजे तो कीटक. तुरीवर बसलेला खंडोबाचा घोडाही कीटकच. मॅन्टिस श्रिम्पच्या इंग्रजी नावातला ‘मॅन्टिस’ हा तोच घोडा, पण नातं फक्त दुमडलेल्या हातांपुरतं. मॅन्टिस श्रिम्प हे समुद्रातले आणि काही थोडे खाडीच्या मचूळ पाण्यातले प्राणी आहेत. गोड्या पाण्याच्या तलावात ते नसतात. लोणारचं पाणी खारं आहे, मग तिथे असेल का, असं दर बॅचला कुणीतरी विचारतंच. नाही. ते सोड्याचं, अल्कधर्मी पाणी आहे, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही.

खरी गफलत होते ती झिंग्याशी. “सर, हा तं झिंगाच आहे जी,” हे वाक्य ठरलेलं. त्यावर वाद घालण्यापेक्षा प्राणी उताणा करून दाखवावा. झिंग्याचे कल्ले पाठकवचाच्या आत दडलेले असतात. मॅन्टिस श्रिम्पचे कल्ले पोटाखालच्या पोहायच्या पायांवर, उघड्यावर, झुपक्यांसारखे लोंबतात. पाण्यात धरून थोडं हलवलं की ते झुपके पसरतात आणि प्रश्न मिटतो. मग पाय मोजा. झिंग्याला चालायचे पाय पाच जोड्या, याला फक्त तीन. त्यांच्या पुढच्या पाचही जोड्या पकडायच्या कामाच्या, आणि त्यांतली दुसरी जोडी म्हणजे ती प्रसिद्ध मोठी नांगी. पाठकवच आखूड असतं, छातीची मागची कडी उघडीच राहतात. कवचाच्या पुढच्या टोकाला एक छोटी पट्टी सांध्यावर बसवलेली असते. सुईने हळूच उचलली तर ती हलते. झिंग्याची करवतीसारखी सोंड कवचाशी एकजीव असते.

एवढं जुळलं की गण ठरला: स्टोमॅटोपोडा. याच्या वरची पायरी, म्हणजे मॅलॅकोस्ट्राका वर्ग आणि होप्लोकॅरिडा उपवर्ग, पाठ करून ठेवा. तिथे शोधण्यासारखं काही नाही. खरं काम इथून खाली सुरू होतं, कारण या गणात आज जवळपास ५०० जाती आहेत.

बरणी उघडताना

जुन्या बरण्यांत फॉर्मलीन असतं. ते फुप्फुसाला वाईट, डोळ्याला वाईट आणि कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे. कापडी मास्कने त्याची वाफ थांबत नाही. खिडक्या उघडा, जमलं तर व्हरांड्यात बसा, हातमोजे घाला. नमुना चिमट्याने काढून साध्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत रात्रभर राहू द्या, मगच भिंगाखाली घ्या. काम झाल्यावर पुन्हा फॉर्मलीनमध्ये टाकू नका. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मलीनमध्ये वर्षानुवर्षं पडलेले पाय ठिसूळ होतात आणि हात लावताच गळतात. (अल्कोहोल परवान्यावर मिळतं आणि नेमकं लागतं तेव्हा कपाटातलं संपलेलं असतं, हे प्रयोगशाळेत काम केलेल्यांना सांगायला नको.)

जुनी चिठ्ठी फेकू नका. नाव चुकीचं असलं तरी तिच्यावर जागा आणि तारीख असेल तर ती सोन्याची. कुठल्या किनाऱ्यावरचा, हे माहीत नसलेला नमुना जातीपर्यंत नेणं फार अवघड जातं, कारण शेवटी दोन सारख्या जातींत निवड करताना प्रदेशच कामी येतो.

आता लांबी. पुढच्या पट्टीच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या दोन दातांच्या टोकापर्यंत, पाठीच्या मध्यरेषेवर मोजा. वाकलेला नमुना जबरदस्तीने सरळ करू नका, दोरा टाकून मोजा. पाठकवचाची लांबी वेगळी घ्या, तीत पुढची पट्टी धरायची नाही.

नर की मादी, हेही आताच पाहून घ्या, कारण पुढे त्याने फरक पडतो. चालायच्या शेवटच्या पायांच्या बुडाशी दोन बारीक नळ्या दिसल्या तर नर. मादीला त्या नसतात, तिचं जननछिद्र चालायच्या पहिल्या पायांच्या कड्यावर, पोटाच्या बाजूला मधोमध असतं. लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा या पट्टेरी, मोठ्या जातीत मादीची नांगी नरापेक्षा लहान आणि तिचे दात खुरटे असतात. लिंग न पाहता नुसते दात मोजले तर एकाच जातीच्या दोन जाती करून बसाल.

नांगी

नांगीचे दोन ठळक प्रकार. एक भोसकणारी: शेवटचं बोट म्हणजे सोयाबीन सोंगायच्या विळ्याचं पातं, आतल्या बाजूने लांब टोकदार दात असलेलं. मऊ मातीत बीळ करून राहणारे प्राणी हिने मासे, कोळंबी पकडतात. दुसरी फोडणारी: बोटाचं बूड फुगीर आणि टणक, आणि त्या ‘टाचेने’ शंख-खेकड्यांवर प्रहार. ओडोन्टोडॅक्टिलस सायलारस, म्हणजे मोरपंखी मॅन्टिस श्रिम्प, याच प्रकारातला. २००४ साली त्याच्या प्रहाराचा वेग मोजला गेला, तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. त्या वेगाने पाण्यात पोकळी तयार होते आणि ती मिटतानाचा दणका भक्ष्याला वेगळा बसतो.

आकर्षण इथेच असतं, म्हणून ओळखही इथेच संपवायचा मोह होतो. तो टाळा. भोसकणारी नांगी स्क्विलांच्या गटात आहे तशी लायसिओस्क्विलांच्या गटातही आहे, आणि हे दोन गट एकमेकांपासून बरेच दूर आहेत. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यातून आलेल्या नमुन्यांच्या नांग्या पुष्कळदा तुटलेल्या असतात. कधी एक नांगी कात टाकल्यावर नव्याने आलेली असते आणि ती दुसरीपेक्षा लहान असते. म्हणून दोन्ही बाजू पाहायच्या आणि वेगळ्या लिहायच्या.

दात मोजताना बोटाचं टोकही एक दात म्हणून धरतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग जाती ओळखायच्या छापील कोष्टकाशी आकडा एकाने चुकत राहतो. आपल्या किनाऱ्यावरच्या मियाकेला नेपा या जातीत असे सहा दात असतात. पण सहा दात असलेल्या इतरही प्रजाती आहेत, तेव्हा ‘सहा म्हणजे नेपा’ असं समीकरण करू नये.

बोट उघडून त्याच्या आधीच्या पेराची कड पाहायला विसरू नका. बोट मिटल्यावर याच कडेवर टेकतं. नेहमीच्या स्क्विलांत तिथे अगदी बारीक, एकसारख्या दात्यांची फणी असते. ती न दिसता लहानमोठे उभे काटे दिसले, तर मोठी गोष्ट हाती लागली. तिच्याकडे परत येऊ.

शेपटी, आणि इथे घाई नको

जाणकार माणूस नमुना हातात घेतला की आधी शेपटीचा शेवटचा तुकडा बघतो. त्याला टेल्सन म्हणतात. नांगी तुटते, रंग उडतो, डोळे आक्रसतात. टेल्सन टणक असतं, टिकतं, आणि त्यावरची नक्षी बहुतेक गटांची सही असते.

नमुना पाण्यातून काढा, टेल्सनवरचं पाणी कागदाने टिपून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च वरून न धरता अगदी आडवा, टेबलाच्या पातळीवरून मारा. ओल्या पृष्ठभागावर सरळ उजेडात काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात एकेक कंगोरा सावली टाकून उभा राहतो. लाइट गेलेली असेल तर उलट बरंच, टॉर्चचं काम जास्त चांगलं होतं.

पहिलं पाहा: टेल्सनच्या मधोमध, पुढून मागे जाणारा, नखाला लागेल असा धारदार कंगोरा आहे का? मग मागची कड. तिच्यावर साधारणपणे मोठ्या दातांच्या तीन जोड्या असतात. मधली जोडी, तिच्या बाहेरची आणि सर्वांत कडेची. या मोठ्या दातांच्या मध्ये बारीक दाते असतात. आपल्याला हवेत ते मधला दात आणि त्याच्या शेजारचा दात यांमधले. एका बाजूचेच मोजा, सुईचं टोक एकेका दात्यावर टेकवत.

धारदार मधला कंगोरा आहे आणि हे दाते चार किंवा जास्त आहेत, तर अधिकुल (कुलाच्या वरची पायरी) स्क्विलॉइडिया. त्यात एकच कुल आहे, स्क्विलिडी, म्हणजे दोन पायऱ्या एका दमात उतरलो. दोन्ही खुणा एकत्र हव्यात. नुसत्या कंगोऱ्यावर भिस्त ठेवू नका.

दाते फार तर दोन, मधला कंगोरा धारदार नाही, उलट टेल्सनवर गोलसर फुगवटे आहेत आणि अंग चपटं नसून गोलाईचं, घट्ट बांध्याचं, तर गोनोडॅक्टिलॉइडिया. प्रवाळ आणि खडकांच्या फटीत राहणारे, फोडणारी नांगी असलेले बहुतेक प्राणी इथले.

आणि मधला कंगोरा नाही, अंग पसरट, गुळगुळीत, सांधे सैलसर? मग एक खात्री करायची. मोठ्या नांगीच्या मागे ज्या लहान पकडपायांच्या जोड्या असतात, त्यांतल्या पहिल्या दोन जोड्यांचं शेवटून दुसरं पेर भिंगाखाली घ्या. ते लांबीपेक्षा रुंद असेल आणि खालच्या कडेला मण्यांची ओळ ओवल्यासारखी दिसत असेल, तर लायसिओस्क्विलॉइडिया. शेपटीच्या बाजूच्या पंख्यांत आतल्या पाकळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाशी, एक ठळक घडी असते. तीही जुळायला हवी.

अधिकुलं एकूण सात मानतात. उरलेल्या चारांतलं काही आपल्या बरणीत असण्याची शक्यता फार कमी, त्यांच्यासाठी इथे जागा घालवत नाही.

डोळा शेवटी पाहायचा, ताळा म्हणून. डोळ्यावरून आडवा जाणारा वेगळ्या घडणीचा पट्टा असतो. स्क्विलॉइडियात तो दोन ओळींचा, गोनोडॅक्टिलॉइडिया आणि लायसिओस्क्विलॉइडियात सहा ओळींचा. मॅन्टिस श्रिम्पच्या रंगदृष्टीच्या ज्या कथा आपण ऐकतो त्या या सहा ओळीवाल्यांच्या. बरणीतल्या बिचाऱ्या स्क्विलाच्या त्या नव्हेत. जुन्या नमुन्यात ओळी दिसतीलच असं नाही. ताज्यात चांगल्या भिंगाने दिसतात.

प्रजाती, मग जात

आता त्या उभ्या काट्यांकडे. समजा टेल्सन सांगतंय स्क्विलिडी, नमुना चांगला लांब आहे, डोळे मोठे, आणि बोटाआधीच्या पेरावर फणीऐवजी आलटून पालटून लहानमोठे उभे काटे आहेत. ही हार्पिओस्क्विला प्रजाती. बोटावर आठ दात भरले आणि लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर हार्पिओस्क्विला राफिडियाकडे बोट दाखवता येतं. पण बोट दाखवणं वेगळं, शिक्का मारणं वेगळं. याच प्रजातीतल्या इतर जातीही आपल्या समुद्रात आहेत. त्यांच्यात फरक करायला पुढच्या पट्टीचा आकार, पाठकवचावरचे कंगोरे, पोटाच्या कड्यांवरचे काटे आणि टेल्सनवरचे डाग, सगळं एकत्र लागतं.

या काट्यांची नोंद करायची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती शिकून घ्यावी. पोटाची कडी सहा. प्रत्येक कड्यावर मध्यापासून कडेकडे कंगोऱ्यांच्या जोड्या: मध्यालगतची, मधली, बाजूची, काठाची. कुठल्या कड्यावरचा कुठला कंगोरा मागे काट्यात संपतो, तेवढं पाहायचं. वहीत कडी उभी आणि कंगोरे आडवे असा तक्ता आखा, काटा असेल तिथे खूण करा. ‘मध्यालगत ५–६, मधले ३–६, बाजूचे १–६, काठाचे १–५’ अशी एक ओळ तयार होते, आणि शास्त्रीय वर्णनांत नेमकी अशीच ओळ छापलेली असते. तुमची ओळ त्यांच्या ओळीशेजारी ठेवा. वर्णन वाचून ‘हो, असंच दिसतंय’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

भारतीय जातींसाठी कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहावर स्टॅन्ली केम्प यांनी १९१३ साली लिहिलेला ग्रंथ अजून उपयोगी पडतो. चित्रं उत्तम, नावं मात्र त्या काळची. तिथे भेटलेलं नाव वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या खुल्या यादीत टाकून आजचं नाव काढायचं. नेपाचीच वंशावळ पाहा: लात्रेय यांनी १८२८ साली ‘स्क्विला नेपा’ म्हटलं, मग ती ओराटोस्क्विला झाली, १९९५ मध्ये मियाकेया. ते प्रजातीचं नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं निघालं, म्हणून २०१३ पासून मियाकेला. आज लिहायचं ‘मियाकेला नेपा (लात्रेय, १८२८)’. कंसाला अर्थ आहे: ज्याने जात वर्णिली त्याने ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. कंस गाळला तर माहिती चुकते, आणि परीक्षेत यावर कुणी मार्क कापत नाही म्हणून तो सर्रास गाळला जातो.

रंगाबद्दल. मोरपंखी जात जिवंत असेल तर ओळखायला भिंग लागत नाही: हिरवं अंग, नारिंगी-लाल पाय, पाठकवचाच्या बाजूंवर बिबट्यासारखे ठिपके. फोडणाऱ्या नांगीचं फुगीर बूड आणि त्याच बोटाच्या आतल्या कडेला दात, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की कुल ओडोन्टोडॅक्टिलिडी पक्कं. गोनोडॅक्टिलसच्या बोटाला बूड फुगीर असतं, दात नसतात. पण तीच मोरपंखी जात अल्कोहोलमध्ये काही महिने ठेवा, सगळा रंग जातो आणि उरतो तो पिवळट प्राणी. म्हणून सहलीत ताजा नमुना मिळाला की आधी फोटो, मग बाटली. फोटोत मोजपट्टी आणि एक पांढरा कागद असू द्या, म्हणजे रंग नंतर ताडून पाहता येतो. जिवंत असेल तर हाताने उचलू नका. बोट फाडायला त्याला एक क्षण पुरतो, आणि शेपटीचे काटेही टोचतात. लांब चिमटा वापरा.

लहान पिल्लं असतील तर प्रजातीवर थांबा. अनेक जातींत पिल्लांच्या टेल्सनचे दात अणकुचीदार असतात आणि वयाबरोबर बोथट होत जातात. कोष्टकं मोठ्या प्राण्यांवरून बनवलेली आहेत.

सुकटीतला तुकडा

सहलीला पैसे नसलेल्या कॉलेजांसाठी एक सोय आठवडी बाजारात आहे. कोकणातून येणारी सुकट, जवळा निवडताना कधी कधी चपट्या शेपटीचा, काटेरी कडेचा तुकडा निघतो. मासळीवाल्या काकूंना सांगून ठेवलं तर त्या असे तुकडे बाजूला काढून देतात, वर हसतातही. वाळलेला तुकडा तसाच उलगडायला गेलात तर मोडतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून रात्रभर भिजवा, मग धुऊन अल्कोहोलमध्ये. शेपटी शाबूत असेल तर अधिकुलापर्यंत जाता येतं. जागा-तारीख नसल्याने संग्रहात ठेवायला तो निरुपयोगी, पण हात बसवायला याहून स्वस्त काही नाही.

नाव लिहून ठेवताना

नवी चिठ्ठी पेन्सिलीने, जाड कागदावर, बरणीच्या आत. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरची चिठ्ठी झुरळं खातात. जागा, तारीख, कुणी आणला, कुणी ओळखला, ओळखल्याची तारीख. जुनी चिठ्ठीही आतच राहू द्या. जातीची खात्री नसेल तर ‘हार्पिओस्क्विला, जात अनिश्चित’ असं स्वच्छ लिहा. अंदाजाने पूर्ण नाव लिहिलेली बरणी पुढच्या वीस बॅचना चुकीचं शिकवते. डीएनए तपासणीची शक्यता वाटत असेल तर पायाचा एक तुकडा आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मलीनमधून गेलेल्या मांसातून डीएनए धड निघत नाही.

अडलंच तर भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पुण्याला प्रादेशिक केंद्र आहे, किनाऱ्यावरच्या विद्यापीठांतही जाणकार असतात. नुसता ‘सर, हे काय आहे’ असा वरून काढलेला फोटो पाठवला तर उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पाच फोटो पाठवा: पूर्ण प्राणी पाठीकडून, उघडलेली नांगी बोटाचे दात दिसतील अशी, डोळे आणि पुढची पट्टी, पोटाची कडी आडव्या उजेडात, आणि टेल्सन फ्रेम भरून. सोबत काट्यांची ती एक ओळ. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो ते अ‍ॅप दाबून लहान करतं, आणि मोजायचे दाते त्यातच पुसले जातात.